आधी ओळंबा, मग ग्राइंडर

मिशिगन, ओहायो, न्यू जर्सीकडच्या आपल्या मंडळींपैकी ज्यांनी मुलं कॉलेजला गेल्यावर हौसेनं एखादी जुनी कॅमॅरो, मस्टँग नाहीतर चार्जर घेऊन गॅरेजात उभी केली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. गाडी घरी आली की थोड्याच दिवसांत एक इच्छा डोकं वर काढते: मागे रुंद टायर हवेत. इच्छेत गैर काही नाही. या गाड्या मागून भरलेल्या दिसल्या की खरंच छान दिसतात. पण त्यासाठी लगेच ग्राइंडर हातात घेऊ नका, आणि दुसरा कोणी घ्या म्हणत असेल तर त्याला आधी विचारा, ‘तुम्ही मोजलं काय काय?’ माझं स्पष्ट मत आहे की रस्त्यावर चालवायच्या बहुतेक गाड्यांना जेवढा रुंद टायर लागतो तेवढा पत्रा न कापता बसतो. अडतं ते चुकीच्या चाकामुळे.

या गाड्यांत मुळात जागा कमी का, हे समजून घ्या. १९६४ साली पाँटियाकनं मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचांचं व्ही-८ इंजिन घालून जीटीओ काढली. साध्या रचनेतही ३२५ अश्वशक्ती. आणि टायर? ७.५०-१४, म्हणजे जेमतेम साडेसात इंच रुंद. त्या काळी टायर असेच असायचे, आणि मागच्या चाकांवरच्या पत्र्याच्या कमानी त्याच मापानं आखलेल्या असायच्या. इंजिनं भराभर वाढली, टायर मागून हळूहळू आले. पुढे एफ७०-१४ सारखे ‘वाइड’ म्हणवणारे टायर आले, तेही आजच्या हिशेबानं २१५-२२५ मिलिमीटरच्या घरातले. आज आपल्या एखाद्या साध्या एसयूव्हीलाही त्याहून रुंद टायर असतो. म्हणजे गाडी बनवणाऱ्यांनी जागा ठेवली नाही असं नाही. त्यांना लागली तेवढी त्यांनी ठेवली.

आता रुंद टायरनं मिळतं काय? टायर रुंद झाला की रस्त्याला टेकणारा भाग दुपटीनं वाढतो, अशी समजूत सर्रास आढळते. तसं होत नाही. गाडीचं वजन तेच आणि टायरमधली हवा तेवढीच असेल, तर टेकणाऱ्या भागाचं क्षेत्रफळ फारसं बदलत नाही. त्याचा आकार बदलतो, लांबट होता तो आडवा होतो. फायदा मिळतो तो मुख्यतः दोन गोष्टींतून: वळताना आडवी पकड सुधारते, आणि रुंद टायरला मऊ रबर परवडतं, कारण उष्णता आणि झीज जास्त रबरावर वाटली जाते. उलट पावसात रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो. रस्त्यावर चालवायची परवानगी असलेले काही ‘ड्रॅग रेडियल’ टायर असतात, त्यांच्यावर खाचा अगदी नावापुरत्या असतात. ते घालून ऑक्टोबरच्या पावसात हायवेवर जाणं मला धाडस वाटत नाही, बेफिकिरी वाटते.

पकड वाढली की ताण पुढच्या कच्च्या जागी सरकतो, हेही ध्यानात असू द्या. फोर्डनं १९६९ च्या बॉस ३०२ मस्टँगला एफ६०-१५ टायर दिले, तेव्हा पुढच्या मडगार्डांच्या कडांवर काम करावं लागलं आणि पुढच्या शॉक टॉवरना मजबुती द्यावी लागली, कारण टायर घसरेनासा झाल्यावर ताण थेट पत्र्यात उतरू लागला होता. मागच्या बाजूला तोच ताण अ‍ॅक्सल शाफ्ट, युनिव्हर्सल जॉइंट आणि डिफरन्शियलवर येतो. जनरल मोटर्सच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत अ‍ॅक्सल आत एका छोट्या सी-आकाराच्या क्लिपनं अडकवलेला असतो. तो शाफ्ट तुटला तर चाक शाफ्टासकट बाहेर येऊ शकतं. गुळगुळीत घसरणारा अरुंद टायर एका अर्थी या सगळ्याचा रक्षक असतो. म्हणून ‘किती रुंद मावेल’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, ‘मला लागतो किती?’ आठवड्यातून एकदा आइस्क्रीम खायला आणि ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूच्या ड्रीम क्रूझला जाणाऱ्या गाडीला २४५ किंवा २५५ चा टायर भरपूर झाला.

आता मोजणी. इथे घाई करू नका. सगळा पैसा इथेच वाचतो किंवा इथेच बुडतो.

मागचे ब्रेक बदलून डिस्क बसवायचे असतील तर ते आधी बसवा. डिस्कच्या संचामुळे चाक टेकण्याची जागा थोडी बाहेर सरकते, आणि आतल्या कॅलिपरला चाकात जागा लागते. स्प्रिंगा बदलायच्या असतील, गाडी खाली बसवायची असेल, तर तेही आधी उरका. मग गाडी सपाट फरशीवर आणा. मागची चाकं काढा. क्रायस्लर, डॉज, प्लिमथच्या १९७० पर्यंतच्या गाड्यांत डाव्या बाजूचे नट उलट्या आट्यांचे असतात. तिथे नेहमीच्या दिशेनं जोर लावून स्टड मोडणारे पुष्कळ आहेत. चाकं काढल्यावर स्टँड चासीखाली नको, अ‍ॅक्सलखाली लावा, म्हणजे गाडीचं वजन स्प्रिंगांवर राहील आणि कमान चालवताना असते त्याच उंचीवर येईल. अ‍ॅक्सल हवेत लोंबकळत ठेवून घेतलेलं माप निरुपयोगी.

ड्रम जागेवर असू द्या. ज्या सपाट पृष्ठावर चाक टेकतं त्यावर उभी फुटपट्टी धरा आणि तिथून आत सर्वांत जवळची आडकाठी किती दूर आहे ते मोजा. मस्टँग, कॅमॅरो, चार्जर यांत ती बहुधा पाट्यांची स्प्रिंग असते, किंवा वर आतली पत्र्याची भिंत. शेव्हेलला मागे पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंगा आहेत. तिथे चासीची पट्टी आणि आतली भिंत पाहावी लागते. टायरच्या जाडीची जागा जिथे जिथे येणार, तिथे तिथे मोजा: वर, मध्ये, पुढे, मागे. बाहेरच्या बाजूसाठी मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडा. आपल्याकडच्या गवंड्याचा तो साधा ओळंबा इथे महागड्या साधनांपेक्षा उपयोगी पडतो, कारण मडगार्डची कड आणि चाक टेकण्याची जागा एकाच पातळीत नसतात आणि डोळा फसतो. ओळंब्याच्या दोरीपासून त्या पृष्ठापर्यंतचं अंतर लिहून घ्या.

दोन्ही बाजू स्वतंत्र मोजा. या गाड्यांत अ‍ॅक्सल बरोबर मध्यावर असेलच याची खात्री नसते. कारखान्यातली सूट, पन्नास वर्षांत झालेले अपघात, कोणीतरी बदललेला मागचा पत्रा, सगळं जमा झालेलं असतं. डावीकडे पाव इंच जास्त आणि उजवीकडे पाव इंच कमी हे नेहमीचंच. हिशेब नेहमी तंग बाजूचा करा.

मग जॅकनं अ‍ॅक्सल एका बाजूनं वर उचलून पाहा. आतल्या रबरी ठोकळ्याला अ‍ॅक्सल टेकेपर्यंत तो जातो कुठे, किती तिरका होतो, हे दिसेल. वळणावर आणि खड्ड्यात टायर असाच तिरका होऊन कमानीत शिरतो. पाट्यांवरचा अ‍ॅक्सल वळताना आडवाही थोडा सरकतो. म्हणून आत आणि बाहेर मिळून जागा पुरेशी सोडावी लागते. पाऊण इंच प्रत्येक बाजूला ठेवलात तर झोप शांत लागेल. अर्ध्या इंचावर भागवणारे आहेत, पण त्यांच्या टायरच्या कडा एकदा जवळून पाहा.

एक उदाहरण करून पाहू. समजा चाक टेकण्याच्या जागेपासून आत पाट्यापर्यंत पावणेसात इंच मिळाले आणि बाहेर कडेपर्यंत सव्वापाच. एकूण बारा. दोन्हीकडून पाऊण इंच सोडला की आत सहा आणि बाहेर साडेचार उरतात, एकूण साडेदहा. २७५ चा टायर १०.८ इंच होतो, म्हणजे तो गेला. २५५ चा टायर १० इंच होतो, तो बसतो आणि वर अर्धा इंच उरतो. तो अर्धा इंच दोन्हीकडे वाटला की टायरची आतली कड टेकण्याच्या जागेपासून पावणेसहा इंचांवर येते. आता चाक. नऊ इंची चाक घेतलं तर नऊ इंच हे टायर बसण्याच्या जागेचं माप. बाहेरच्या ओठांसकट चाक भरतं सुमारे दहा इंच. म्हणजे तुम्हाला नऊ इंची, पावणेसहा इंच बॅकस्पेसचं चाक हवं. बॅकस्पेस म्हणजे चाक टेकण्याच्या जागेपासून चाकाच्या आतल्या ओठापर्यंतचं अंतर, एवढंच. दुकानदार ‘ऑफसेट’ सांगेल. तो चाकाच्या मध्यापासून मोजतात. याच उदाहरणात ऑफसेट पाऊण इंच, म्हणजे सुमारे १९ मिलिमीटर. दोन्ही आकडे त्याच्याकडून लिहून घ्या.

हाच टायर कोणी साडेचार इंच बॅकस्पेसच्या चाकावर चढवला तर तो सव्वा इंच बाहेर येईल, मडगार्डला घासेल, आणि मग कोणीतरी म्हणेल, पत्रा कापावा लागेल. अशीच होते सुरुवात. बोल्टांचं वर्तुळही तपासा: फोर्ड आणि क्रायस्लरच्या बहुतेक अशा गाड्यांत पाच बोल्ट साडेचार इंचांवर, जनरल मोटर्सच्या गाड्यांत पावणेपाच. आणि टायरच्या बाजूवर छापलेल्या आकड्यावर पूर्ण विसंबू नका. एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर रुंदीत सहज वेगळे निघतात, आणि चाक अर्धा इंच रुंद घेतलं की टायरही साधारण पाचवा भाग इंच पसरतो.

उंचीही बदलते, त्याकडे कोणी पाहत नाही. २२५/७० आर १४ हा टायर सुमारे २६.४ इंच उंच असतो, २७५/६० आर १५ हा २८ इंच. सहा टक्के फरक. स्पीडोमीटर साठ दाखवेल तेव्हा गाडी जवळजवळ चौसष्टनं धावत असेल, आणि पोलिसाला हे गणित समजावण्यात अर्थ नाही.

एवढं करूनही हवा तो टायर चार-सहा सूत कमी पडत असेल, तर पहिली सोपी गोष्ट म्हणजे मागच्या मडगार्डची आतली कड. ती आत वळलेली असते, आडवी. रोलर नावाचं साधन हबवर बसवून ती कड हळूहळू वर दाबता येते. रंग हीट गननं गरम ठेवावा लागतो, नाहीतर तडकतो. इथे मिशिगनमधल्या गाड्यांची खास अडचण आहे: हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेल्या मिठानं ती कडच आधी खाल्लेली असते आणि वर बॉन्डोची लांबी भरून रंग मारलेला असतो. रोलर लावायच्या आधी चुंबक फिरवून पाहा. चुंबक चिकटत नसेल तिथे पत्रा नाही, लांबी आहे, आणि ती तुकड्यांनी गळून पडेल. काही जण कड दाबत नाहीत, सरळ कापून टाकतात. त्या कडेतच बाहेरचा पत्रा आणि आतली कमान स्पॉट वेल्डनं जोडलेली असतात. कड गेली की जोड गेला; फट उघडते, पाणी शिरतं, आणि पाच वर्षांत मागचा सगळा पत्रा बदलण्याची वेळ येते. कापलीच तर पुन्हा वेल्ड करून बंद करा.

आतल्या बाजूला अडत असेल तर पाटे आत सरकवता येतात. क्रायस्लरच्या गाड्यांसाठी अर्धा इंच आत नेणाऱ्या पट्ट्या मिळतात, आणि त्याहून पुढे जाऊन पाटे थेट चासीखाली नेणारे संचही मिळतात. अर्ध्या इंचाचं काम बोल्टांचं आहे, घरच्या गॅरेजात होतं. चासीखाली नेण्याचं काम वेल्डिंगचं आहे, ते ज्याचं त्यानं करावं.

मग अ‍ॅक्सल आखूड करणं. नळ्या कापून टोकं पुन्हा वेल्ड करतात आणि आखूड शाफ्ट घालतात. ऐकायला सोपं, पण वेल्डिंगच्या उष्णतेनं नळी वाकते. आरपार सरळ दांडा घालून जिगमध्ये न केलेलं काम बेअरिंग खाऊन टाकतं. ज्या दुकानात हा दांडा दिसला नाही तिथून परत या.

मिनी टब, म्हणजे चाकावरची आतली कमान उभी चिरून चासीच्या पट्टीपर्यंत आत सरकवणं, हे खरं मोठं काम. पहिल्या पिढीच्या कॅमॅरोत असं केलं की ३३५ पर्यंतचे टायर बसतात, हे खरं आहे. पण त्याबरोबर मागची सीट आखूड होते, डिकीच्या बिजागऱ्या आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बरची जागा पाहावी लागते, मागच्या सीटबेल्टचे आधार हलू शकतात. नातवंडांना मागे बसवून फिरवायचं असेल तर त्या आधारांवर तडजोड चालणार नाही. आणि मस्टँगवाल्यांना तर हात जोडून सांगतो: १९६५ ते १९७० च्या मस्टँगमध्ये पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ असतो. तिथे जवळपास ग्राइंडरच्या ठिणग्या उडवायच्या असतील तर टाकी आधी काढून गॅरेजबाहेर ठेवा, आणि रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. रिकाम्या टाकीतली वाफच पेट घेते. जुन्या खालच्या डांबरी लेपालाही वेल्डिंगमध्ये आग लागते. शेजारी एक जण अग्निशामक घेऊन उभा हवा. एकट्यानं हे काम नको.

काही गाड्यांना मात्र ग्राइंडर लागूच नये. पहिल्या वर्षाच्या, १९६७ च्या झी/२८ कॅमॅरो फक्त ६०२ निघाल्या. अशी गाडी कापली तर तिची किंमत परत येत नाही, आणि ती झी/२८ आहे की नाही हे नुसत्या व्हीआयएनवरून कळत नाही. व्हीआयएनवरून इतकंच कळतं की सुरुवात १२३ नं असेल तर सहा सिलिंडरची, १२४ नं असेल तर व्ही-८ ची. म्हणून कापायच्या आधी जाणकाराकडून गाडीची ओळख पटवून घ्या. सहा सिलिंडरची, आधीच पत्रा बदललेली गाडी असेल तर खुशाल कापा. तिच्यावर तुमचा हक्क जास्त आहे.

एक जुनी खोड अजून दिसते. सत्तरच्या दशकात मागे हवेचे शॉक घालून गाडीचं बूड उचलायची फॅशन होती, म्हणजे रुंद टायर खाली मावतो. शॉकचा वरचा आधार वजन पेलायला केलेलाच नाही, तो नुसता धक्का शोषायला असतो. आणि खड्ड्यात स्प्रिंग दबली की टायर तिथेच घासणार. जाडजूड स्पेसरचंही तसंच: थोडा चांगल्या प्रतीचा, हबवर नीट बसणारा, लांब स्टडसह, तो ठीक, नटांवर तीन आटे धरून चालवणं नको. टायर मडगार्डबाहेर डोकावणं बऱ्याच राज्यांत नियमाबाहेर आहे. विमा कंपनीलाही बदल कळवा. आणि हाच खेळ पुण्यात करायचा विचार असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. नोंदणीतल्या मूळ रचनेत बदल करायला तिथे मुभा फार कमी आहे.

टायर चढवलेलं चाक दुकानदार सहसा परत घेत नाही. म्हणून नवं चाक आलं की आधी रिकामं बसवून पाहा, मापं पुन्हा घ्या, मगच टायर चढवा. मग कमानीच्या आतल्या कडेला आणि पाट्याला खडू फासा. मागच्या सीटवर दोन मोठी माणसं बसवा, डिकीत वजन भरा, घराच्या ड्राइव्हवेवर गाडी तिरकी चढवा आणि उतरवा, दोन-चार वळणं सावकाश घ्या. खडू जिथे पुसला असेल तिथे टायर घासतो आहे. बाहेर पुसला असेल तर कड आणखी थोडी दाबता येते. आत पाट्यावर पुसला असेल तर तो टायर काढा आणि एक माप खाली या. दोन्ही ठिकाणी खडू तसाच असेल तर पन्नास मैल चालवा, घरी या आणि सगळे नट टॉर्क रेंचनं पुन्हा आवळा.